बारा पुस्तकं, एक बिनदाताचा ड्रॅगन आणि आमच्या घरातला रात्रीचा दंगा

सरळच सांगते, घरात आठ ते बारा वर्षांचं पोर असेल आणि त्याला पुस्तकाजवळ बसवायचं असेल तर क्रेसिडा कॉवेल या ब्रिटिश लेखिकेची 'हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन' ही मालिका आणा. पिक्चर बघितलाय मग पुस्तक कशाला असं म्हणू नका, कारण नावं सोडली तर दोन्हीत फार थोडं सारखं आहे. 2010 च्या त्या ॲनिमेशन पिक्चरमधला टूथलेस काळाकुट्ट, दांडगा, पाठीवर बसून उडता येईल असा आहे, आणि पुस्तकातला टूथलेस एवढासा, खांद्यावर बसणारा, तोंडात एक दात नाही, हावरट, खोटं बोलणारा, सारखा रुसणारा आणि सांगितलेलं एक काम न करणारा. आमच्या पोरांचं मत पुस्तकातल्या टूथलेसला आहे आणि माझंही.

गोष्ट थोडक्यात सांगते, शेवट फोडत नाही. बर्क नावाचं एक थंडगार, चिखलाचं, सतत पाऊस पडणारं बेट, तिथे व्हायकिंग, म्हणजे जुन्या काळच्या उत्तर युरोपातल्या दर्यावर्दी लढवय्या लोकांची एक टोळी राहते. सगळे आडदांड, दाढीवाले, बोलायचं म्हणजे ओरडायचंच असं मानणारे. टोळीचा सरदार स्टॉइक आणि त्याचा मुलगा हिकप, तो मात्र काटकुळा, शांत, चारचौघांत दिसूच नये असा. टोळीत कायम राहायचं असेल तर प्रत्येक मुलाने हजारो ड्रॅगन झोपलेल्या गुहेत शिरून एक पिल्लू उचलून आणायचं आणि त्याला शिकवून तयार करायचं, जमलं नाही तर थेट हद्दपारी. हिकपच्या वाट्याला येतो तो हा बिनदाताचा बारका. मग शिकवायचं कसं, तर त्यासाठी एका प्रोफेसराने लिहिलेलं पुस्तक आहे, त्याला मोठं भारदस्त कव्हर, आत प्रस्तावना, लेखकाची ओळख, आणि मूळ मजकूर किती तर एकच वाक्य, ड्रॅगनवर ओरडा, जितक्या जोरात ओरडाल तितकं चांगलं. बास. संपलं पुस्तक.

हे पान आलं तेव्हा धाकटा पोट धरून हसला, आणि मोठी जरा वेळाने म्हणाली की आमच्याकडे पण गणित असंच शिकवतात. मला वाटतं अख्ख्या मालिकेचा जीव त्या एका पानात आहे. हिकपला ओरडता येतच नाही, त्याचा आवाजच फुटत नाही. पण त्याला ड्रॅगनांची भाषा येते, जी बोलायला टोळीत बंदी आहे, आणि तो टूथलेसशी बोलून बघतो, लालूच दाखवतो, विनवण्या करतो, शेवटी जोक सांगतो. टूथलेसला जोक आवडतात! इतकं साधं आहे ते. पुढे डोंगराएवढा समुद्री ड्रॅगन किनाऱ्याला लागतो तेव्हा मोठी माणसं सवयीप्रमाणे एकत्र जमून ओरडतात आणि त्याला काही फरक पडत नाही, आणि हा काटकुळा पोरगा त्याच्यासमोर जाऊन उभा राहतो आणि बोलतो. तो ड्रॅगन पण त्याच्याशी छान गप्पा मारतो आणि शेवटी मी तुम्हाला खाणार आहे हे अगदी शांतपणे सांगतो. मुलं एकाच वेळी घाबरतात आणि हसतात, मी वाचताना त्यांच्याकडे बघत होते, दोन्ही एकदम चेहऱ्यावर होतं.

आता भाषेचं. आमची दोघं मराठी शाळेत, धाकटा तिसरीत आणि मोठी सहावीत, त्यामुळे इंग्रजी पुस्तक हातात दिलं आणि वाच म्हटलं असं होणार नव्हतं. आम्ही काय करतो, रात्री जेवणं झाली की मी एक उतारा इंग्रजीत वाचते, जरा हावभाव करून, मग तोच मराठीत सांगते, आणि जिथे त्यांना आधीच कळलेलं असतं तिथे ती मला थांबवतात की पुढे चल पुढे चल. पावसाळ्यात साताऱ्यात लाईट जाते तेव्हा टॉर्च लावून वाचलंय, आणि खरं सांगायचं तर ड्रॅगनांच्या गुहेचं प्रकरण टॉर्चमध्येच वाचावं. हळूहळू मोठीने माझ्या हातातून पुस्तक घ्यायला सुरुवात केली कारण मी सैपाकघर आवरून येईपर्यंत तिला धीर निघत नव्हता. आता ती पुढचं वाचून ठेवते आणि धाकट्याला सांगत नाही, यावरून मारामाऱ्या होतात, त्या होऊ द्या.

मुलांना नक्की काय आवडलं हे मी त्यांनाच विचारलं. धाकट्याचं उत्तर लगेच तयार, शाकाहारी ड्रॅगन. हिकपचा एकुलता एक मित्र आहे फिशलेग्ज, दमेकरी, चष्मा लावणारा, अंगाला सतत खाज सुटणारा, लढाईच्या कुठल्याच कामाचा नाही. त्याच्या वाट्याला आलेली ड्रॅगनीण हॉररकाऊ, नाव ऐकून धडकी भरावी आणि ती मटण-मासे काही खात नाही, निवांत प्राणी. आमच्या घरी आजी शाकाहारी आणि बाकी सगळे मासे-मटणवाले, त्यामुळे आता आजीचं नाव हॉररकाऊ पडलंय आणि आजींना ते आवडलंय, हाक मारली की ओ देतात.

मोठीला कॅमिकाझी आवडते. ती तिसऱ्या पुस्तकात येते, एका बायकांच्या दरोडेखोर टोळीची वारस, बारकीशी, केस सगळे विस्कटलेले, तोंडाची टकळी अखंड चालू आणि कुठल्याही तुरुंगातून पळून जाणार हे छातीठोकपणे सांगणारी. आणि हिकपची आई, तिचं नाव व्हल्हालारामा, ती नावाजलेली योद्धा आहे आणि सारखी मोहिमेवर असते, घरी क्वचित. आई बाहेर आणि बाप घरी ही मांडणी मुलांनी काही प्रश्न न विचारता घेतली, प्रश्न पडला तो आजींना, त्यांनी विचारलं मग पोराच्या जेवणाचं कोण बघतं? बरोबर प्रश्न आहे, आणि आई घरात नसल्याचं हिकपला काय वाटतं ते पुढच्या पुस्तकांत येतं पण.

दुसऱ्या पुस्तकातली एक गोष्ट मला स्वतःला फार लागली. हिकपला तलवार धड चालवता येत नाही, सगळे हसतात, आणि भर लढाईत कळतं की हा डावखुरा आहे, इतके दिवस चुकीच्या हातात तलवार धरून बसला होता. माझा भाचा डावखुरा आहे, कराडला असतो, त्याचा हात जेवताना किती वेळा मारून बाजूला केलेला मी बघितलाय. सुट्टीत आला तेव्हा त्याला हे प्रकरण मुद्दाम वाचून दाखवलं. काही बोलला नाही पण ते पुस्तक तो घेऊन गेला आणि अजून परत आलेलं नाही.

आणि बटाटा! चौथ्या पुस्तकातलं सगळं साहस एका बटाट्यासाठी आहे. एका विषारी डंखावर उतारा म्हणून जी भाजी पाहिजे तिचं नाव घ्यायला पण लोक घाबरतात, ती दूर अमेरिकेतून आणलेली एकच एक आणि एका वेड्या सरदाराच्या ताब्यात. मुलांना पटेना की बटाट्यासाठी एवढं कशाला, मग मी सांगितलं की युरोपात आणि आपल्याकडे पण बटाटा नव्हताच, तो दक्षिण अमेरिकेतला, कोलंबसाच्या नंतर जहाजांनी बाहेर पडला. व्हायकिंग त्याच्या कितीतरी आधीचे. म्हणजे शिवाजी महाराजांनी पण वडापाव खाल्ला नसणार, इति धाकटा. त्या आठवड्यात आमच्याकडे बटाट्याच्या भाजीला जरा जास्तच मान मिळाला.

पुस्तकं दिसायला पण वेगळी आहेत. चित्रं लेखिकेनेच काढलीत, शाईचे फराटे, डाग, ठिपके, एखाद्या वात्रट पोराच्या वहीसारखी. मधेमधे नकाशे, पत्रं, ड्रॅगनांच्या जातींची माहिती, त्यांना वेग किती, विष किती, भीती किती असे मार्क दिलेले. कव्हरवर लिहिलंय की हे हिकपनेच लिहिलंय आणि कॉवेलबाईंनी जुन्या नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतून त्याचा अनुवाद केलाय, धाकट्याचा यावर पूर्ण विश्वास आहे आणि मी तो मोडणार नाही. आमच्याकडे आता एक दोनशे पानी वही आहे त्यात साताऱ्याचे ड्रॅगन आहेत, अजिंक्यताऱ्यावर राहणारा एक, कासच्या तळ्यात एक, आणि एक यवतेश्वरच्या घाटात गाड्यांचे हॉर्न खाऊन जगतो, त्याला भीतीत दहापैकी दोन मार्क. पुस्तक वाचून मुलं लिहायला बसली, मला अजून काय पाहिजे.

आता तक्रारी, त्या पण आहेत. काही पानं हाताने लिहिल्यासारख्या अक्षरात आहेत, नवीन इंग्रजी वाचणाऱ्या मुलाला ती अजिबात लागत नाहीत, मलाच कधीकधी डोळ्याजवळ धरावी लागतात. नावं लांबलचक आणि मुद्दाम विचित्र, सुरुवातीला जीभ अडकते. शेंबूड, ढेकर, घाण वास असले विनोद भरपूर आहेत, ज्यांना असलं चालत नाही त्यांनी आधी चाळून बघा, आमच्याकडे चालतं. अजून एक, टूथलेस बोलताना अडखळतो, एकेक अक्षर दोन-तीनदा येतं. घरात किंवा वर्गात कुणी अडखळत बोलणारं मूल असेल तर ते वाचताना जपून वाचा, हसं होईल असं वाचू नका. मी साधंच वाचते, विनोद त्याच्या खोटं बोलण्यात आणि हावरटपणात आहे, तो तसाही पोचतो.

मोठी गोष्ट म्हणजे ही मालिका शेवटपर्यंत हलकीफुलकी राहात नाही. पहिलं पुस्तक 2003 चं आणि बारावं 2015 चं, या बारा वर्षांत गोष्ट वाचणाऱ्या मुलांबरोबर मोठी होत गेलीय. आठव्यापासून सूर बदलतो. गुलामगिरी येते, माणसांच्या कपाळावर डाग देऊन त्यांना गुलाम ठरवणं येतं, ड्रॅगनांचं बंड येतं, आणि त्या बंडात ड्रॅगनांची बाजू खोटी नाही हे पण येतं, कारण इतकी वर्षं त्यांना पकडून कामाला लावलेलंच होतं ना. पहिल्या पुस्तकात पिल्लू चोरून आणणं हा खेळ वाटलेला असतो. त्याचा हिशोब नवव्यापासून सुरू होतो आणि तेव्हा मोठी एकदम गप्प झाली, तिने विचारलं की मग टूथलेसला पण पकडूनच आणलं होतं ना? हा प्रश्न तिला मी शिकवला नव्हता. माझं म्हणणं असंय की आधीच्या सात पुस्तकांत एवढं हसवलं नसतं तर मुलं या जड भागापर्यंत आलीच नसती, आणि आल्यावर थांबलीही नसती. ती थांबतात कारण टूथलेस आणि फिशलेग्ज आता घरचे झालेले असतात. जी माणसं विनोदी पुस्तक म्हणजे टाईमपास समजतात त्यांनी नववं ते बारावं वाचावं. मी बाराव्याच्या शेवटी रडले, मुलांसमोरच.

लेखिकेबद्दल थोडं वाचलं तर कळलं की लहानपणी ती सुट्टीत स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या एका निर्मनुष्य बेटावर राहायची, वीज नाही, फोन नाही, टीव्ही नाही, आणि त्या भागात एकेकाळी खरे व्हायकिंग येऊन गेलेले. वडील रात्री गोष्टी सांगायचे. मग बर्कचा तो वारा आणि ओला चिखल एवढा खरा का वाटतो ते कळतं. 2019 ते 2022 या काळात ब्रिटनमध्ये मुलांच्या लेखकांना दिला जाणारा चिल्ड्रन्स लॉरिएट हा मान तिच्याकडे होता.

पुस्तकं वाचल्यानंतर आम्ही भिलारला गेलो होतो, पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं ते पुस्तकांचं गाव, 4 मे 2017 ला सुरू झालेलं. घराघरात विषयवार पुस्तकं, कुणीही बसून वाचावं, पैसे नाहीत. आधी एकदा नेलं होतं तेव्हा दोघांचं सगळं लक्ष स्ट्रॉबेरी आणि क्रीमकडे, यावेळी धाकटा बालसाहित्याच्या घरात शिरला आणि मराठीतलं साहसाचं काहीतरी शोधून काढून ओसरीवर बसला तो उठेचना. इंग्रजी मालिकेने त्याला मराठी पुस्तकाकडे पाठवलं असं मी म्हणेन, वाचायची चटक लागली की भाषा कुठली हे पोरं बघत नाहीत.

घ्यायची कुठून ते सांगते. साताऱ्यात दुकानात बारा पुस्तकं एकदम मांडून ठेवलेली मला दिसली नाहीत, पण नाव लिहून दिलं तर मागवून देतात, आम्ही तसंच केलं. ऑनलाईन एका विक्रेत्याकडून मागवलेली काही कोपरे दुमडलेली आली आणि मधलं एक आलंच नाही, त्यामुळे ऑनलाईन घेणार असाल तर सेट पूर्ण आहे का ते नीट बघा. पुण्याला जाणं होणार असेल तर अप्पा बळवंत चौकात विचारा, जुनी पण मिळतात. एकदम बारा घ्यायची गरज नाही. पहिली तीन घ्या, आणि मूल स्वतःहून चौथं मागतंय का बघा. पहिली सात थोडी मागंपुढं झाली तरी चालतं, पण आठवं ते बारावं क्रमानेच, कारण एकेका पुस्तकाचा शेवट पुढच्यात अडकलेला आहे. सातवीच्या पुढचं मूल एकटं वाचू शकेल. त्याहून लहान असेल तर शेवटची चार त्याच्या हातात देऊन मोकळं होऊ नका, शेजारी बसून वाचा, आणि बारावं सुट्टीच्या दिवशी काढा कारण मधे कुणी उठणार नाही.