‘मान्यताप्राप्त’ लीगचा एक हंगाम आणि माझे साडेसदुसष्ट हजार रुपये

गेल्या आठवड्यात आमच्या गावातील मैदानाच्या कुंपणावर ज्युनिअर क्रिकेट लीगचा एक नवा फलक लागला. लीगचे नाव नवे आहे, बोधचिन्हातील चेंडूचा रंगही बदलला आहे. पण नोंदणीचे पैसे ज्या मोबाइल क्रमांकावर पाठवायला सांगितले आहे, तो क्रमांक माझ्या बँकेच्या उताऱ्यात सहा वेळा आलेला आहे. तो फलक पाहिल्यावर गप्प बसणे मला शक्य झाले नाही.

मी सातारा जिल्ह्यातील एका पतसंस्थेत कर्जाच्या अर्जांची कागदपत्रे तपासण्याचे काम करतो. माझा मुलगा त्या वेळी तेरा वर्षांचा होता, डावखुरा फिरकी गोलंदाज. डिसेंबर 2024 मध्ये त्याच्या प्रशिक्षकांनी मला मैदानावर बाजूला घेऊन सांगितले की पुण्यात चौदा आणि सोळा वर्षांखालील मुलांची एक ‘मान्यताप्राप्त’ प्रादेशिक लीग होत आहे, तिथे राज्य संघाचे निवड समिती सदस्य येतात आणि अंतिम सामना गहुंज्याच्या स्टेडियमवर होणार आहे. “तुमच्या मुलाच्या हातात चेंडू वळवण्याची कला आहे, हे वर्ष घालवू नका,” असे ते म्हणाले. मुलाचे कौतुक ऐकताना बापाची तपासणीची सवय किती सैल पडते, हे मला नंतर कळले.

तरीही मी कागद मागितलाच. संयोजकांनी मोबाइलवर संस्था नोंदणीचे प्रमाणपत्र पाठवले. मी नोंदणी क्रमांक पाहिला, शिक्का पाहिला, ओळखीच्या एका वकिलांना दाखवला. प्रमाणपत्र खरे होते. माझी चूक नेमकी इथे झाली. कागद खरा आहे की खोटा एवढेच मी तपासले, तो कागद काय सांगतो हे वाचले नाही. सोसायटी नोंदणी अधिनियम 1860 खाली काही मंडळी एकत्र येऊन क्रीडासंस्था नोंदवू शकतात, आणि त्या नोंदणीचा अर्थ अशी संस्था अस्तित्वात आहे एवढाच असतो. क्रिकेटची मान्यता ही वेगळी बाब आहे. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या आपल्या राज्यात तीनच सदस्य संघटना आहेत : मुंबई, विदर्भ आणि पुण्याची महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन. साताऱ्यातल्या मुलाचा रस्ता जिल्हा संघटनेच्या निवड चाचणीतून निमंत्रित स्पर्धांकडे आणि तिथून राज्य संघाकडे जातो. मधल्या कोणत्याही खासगी लीगमधून त्या रस्त्यावर थेट चढता येत नाही, मग तिच्या नावात ‘महाराष्ट्र’, ‘इंडिया’ किंवा ‘बोर्ड’ यांपैकी काहीही असो.

पैसे एकदम मागितले असते तर कदाचित मी सावध झालो असतो. निवड चाचणीचे 1,200 रुपये घेतले. तिथे दीडेकशे मुले आली होती, प्रत्येकाला सहा चेंडू टाकायला किंवा खेळायला मिळाले आणि संध्याकाळपर्यंत बहुतेक सगळ्यांच्याच घरी निवड झाल्याचा निरोप पोहोचला. त्यानंतर गणवेश, निवास आणि सामन्यांसाठी 34,500 रुपये तीन हप्त्यांत घेतले. प्रत्येक हप्त्याची मुदत ‘आज रात्री बारापर्यंत’ अशीच असे, आणि पैसे संस्थेच्या खात्यावर न जाता व्यवस्थापक म्हणवणाऱ्या गृहस्थांच्या मोबाइल क्रमांकावर जात. पावती मागितली की “साहेब, संघाच्या गटावर टिक केली आहे ना,” असे उत्तर येई. कर्जदाराने असे सांगितले असते तर मी त्याला टेबलासमोरून उठवले असते.

सामने मात्र झाले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. 2022 मध्ये गुजरातेतील मोलीपूर गावात शेतमजुरांना जर्सी घालून खोटी लीग उभी केल्याचे आणि रशियातील सट्टेबाजांना फसवल्याचे प्रकरण उघड झाले होते; तसे काही आमच्या बाबतीत नव्हते. आमच्या मुलांनी जानेवारी ते मार्चच्या शनिवारी-रविवारी पुण्याबाहेरच्या एका भाड्याच्या मैदानावर मॅटिंगवर, म्हणजे खेळपट्टीवर अंथरलेल्या चटईवर, वीस-वीस षटकांचे सात सामने खेळले. धावफलक मोबाइलवर दिसत असे, एका सामन्याचे थेट प्रक्षेपणही झाले, आणि मुलाने चौदा बळी घेतले. हे सगळे डोळ्यांना दिसत असल्यामुळेच बाकीच्याबद्दल शंका घ्यावीशी वाटली नाही. एवढे मात्र मला सुचायला हवे होते की मंडळाच्या सोळा वर्षांखालील विजय मर्चंट करंडकाचे सामने तीन-तीन दिवसांचे असतात. फिरकी गोलंदाजाचा कस दुसऱ्या दिवशीच्या दुपारी लागतो, त्याची पारख वीस षटकांच्या सामन्यातील चार षटकांत करायला कोणता निवडकर्ता मॅटिंगवर येईल? निवड समितीचे म्हणून दाखवलेले दोन गृहस्थ पांढरी टोपी घालून तंबूत बसत आणि जेवणानंतर दिसत नसत.

फेब्रुवारीत ‘वयनिश्चिती’ निघाली. मंडळ वयचोरी रोखण्यासाठी हाडांची चाचणी करते हे आम्ही सर्वांनी ऐकले होते, त्यामुळे 3,800 रुपये भरताना कोणाला आश्चर्य वाटले नाही; उलट, स्पर्धा किती कडक आहे याचा आनंदच झाला. संघातील सोळा मुलांना एका तपासणी केंद्रावर नेऊन प्रत्येकाच्या उजव्या हाताचा एक्स-रे काढण्यात आला. मंडळ ज्या टीडब्ल्यू-3 पद्धतीने चाचणी करते, तिच्यात डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे पाहतात, आणि ती चाचणी राज्य संघटना करवून घेते. हे मला नंतर एका अस्थिरोगतज्ज्ञांकडून समजले. अहवाल पाहून ते हसलेच. हाडांचे वय आणि जन्मतारखेवरून येणारे वय यांत काही महिन्यांचा फरक पडणे अगदी स्वाभाविक असते, पण आमच्या सोळाही अहवालांत हाडांचे वय जन्मदाखल्याशी महिन्यासकट जुळत होते. कोणीतरी बसून सोळा वजाबाक्या केल्या होत्या.

अंतिम सामन्याच्या आठवडाभर आधी गहुंज्याच्या खेळपट्टीचे काम निघाल्याचा निरोप आला. सामना त्याच भाड्याच्या मैदानावर झाला आणि सकाळी जाता जाता बस स्टेडियमच्या फाटकाबाहेर थांबवून मुलांचे छायाचित्र काढण्यात आले. तेच छायाचित्र आता नव्या फलकावर आहे. डावीकडून तिसरा उभा आहे तो माझा मुलगा.

मे महिन्यातील ‘राष्ट्रीय फेरी’साठी घेतलेले 28,000 रुपये हा शेवटचा हप्ता. ती फेरी आधी उन्हाळ्यामुळे, मग मैदान न मिळाल्यामुळे पुढे गेली आणि पाऊस सुरू झाल्यावर तिचे नाव कोणी काढले नाही. बिंग फुटले ते वेगळ्याच ठिकाणी. सोळा वर्षांखालील संघातील एका दहावीच्या मुलाने क्रीडा सवलतीच्या गुणांसाठी लीगचे ‘राज्यस्तरीय’ प्रमाणपत्र शाळेत दिले होते. त्या गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे जातो आणि तिथे स्पर्धा कोणत्या मान्य संघटनेची आहे हे पाहिले जाते. या स्पर्धेला तशी कोणतीही मान्यता नसल्याने प्रस्ताव परत आला. त्याच्या वडिलांनी मला दूरध्वनी केला, तेव्हा त्यांचा आवाज रागाचा नव्हता, ओशाळलेला होता.

ओशाळलेपणाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण अशा लोकांचा धंदा त्याच्यावरच चालतो. आम्ही सोळा पालकांची बैठक बोलावली, अकरा जण आले आणि तक्रारअर्जावर पाच जणांनी सह्या केल्या. एकाने घरी पत्नीला रक्कम निम्मीच सांगितली होती. दुसऱ्याने सोन्यावर कर्ज काढले होते आणि ते भावाला कळू द्यायचे नव्हते. बाकीच्यांना भीती एवढीच की प्रशिक्षकांच्या ओळखी वरपर्यंत आहेत, मुलाचे नाव ‘तक्रार करणाऱ्यांचा मुलगा’ म्हणून पसरेल आणि त्याला पुढे कोणी खेळवणार नाही. प्रशिक्षकांना प्रत्येक मुलामागे तीन हजार रुपये मिळत होते, हे व्यवस्थापकाशी भांडण झाल्यावर त्यांनी स्वतःच आम्हाला सांगितले. आम्ही ज्यांच्या ओळखींना घाबरत होतो, त्यांची खरी ओळख तेवढीच होती.

पोलीस ठाण्यात प्रथम “सामने तर झाले ना, मग फसवणूक कसली?” असे विचारले गेले. हा प्रश्न येणार हे धरूनच जावे. उत्तर असे की पैसे सामन्यांसाठी नव्हे, तर खोट्या मान्यतेच्या आणि निवडीच्या आश्वासनावर घेतले गेले. फसवून रक्कम द्यायला लावणे हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये येते. संयोजकांचे संदेश, आश्वासनांचे आवाजी निरोप, त्या लीगच्या फलकाचे छायाचित्र आणि बँकेचा उतारा तारखेच्या क्रमाने लावून दिल्यावर अर्ज स्वीकारला गेला. व्यवस्थापकाने गट बंद करण्यापूर्वी मी सगळे संभाषण उतरवून घेतले होते, म्हणून हे जमले. 1930 हा सायबर मदत क्रमांक पैसे गेल्यागेल्या लावला तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते. आम्ही काही महिन्यांनी जागे झालो, त्यामुळे आम्हाला त्याचा उपयोग झाला नाही. सेवेतील त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. आमच्यापैकी तिघांनी तो मार्ग धरला आहे. अर्जाची प्रत पाहून व्यवस्थापकाने मला 10,000 रुपये परत पाठवले आणि “बाकीचे विसरा,” असा निरोप दिला. तो निरोपही मी पुराव्यात जोडला आहे.

मुलाने एकदाच विचारले की ते चौदा बळी धरायचे की नाही. फलंदाज खरे होते, चेंडूही खरेच वळले होते. मी त्याला धर म्हणालो. या वर्षी तो जिल्हा संघटनेच्या निवड चाचणीला जाणार आहे. तिथे काय लागते हे विचारायला मी संघटनेच्या कार्यालयात दूरध्वनी केला आणि बोलता बोलता कुंपणावरील नव्या लीगचे नाव घेऊन ती त्यांची आहे का, असेही विचारले. पलीकडच्या गृहस्थांनी नाही म्हणून सांगितले, जन्मदाखला आणि आधार कार्डाची प्रत घेऊन या म्हणाले आणि फोन ठेवला. सगळे मिळून दोन मिनिटेही लागली नाहीत.