ट्रूपी गेली, ५१,२०० डॉलर गेले: जुनी कॅम्पर घेणाऱ्यांनो, आधी हे वाचा

ऑस्ट्रेलियात जुनी गाडी घेताना विकणाऱ्याने हातात दिलेल्या पीपीएसआरच्या (गाडीवर कर्ज आहे का, ती चोरीची आहे का हे दाखवणाऱ्या सरकारी नोंदवहीच्या) कागदावर विश्वास ठेवू नका. तो कितीही खरा दिसू दे. गाडीवरचा व्हीआयएन, म्हणजे तिचा सतरा अक्षरी ओळख क्रमांक, स्वतः वाचा, स्वतःच्या फोनवरून २ डॉलर भरा आणि पैसे देण्याच्या दिवशीच शोध घ्या. आमचे ५१,२०० डॉलर त्या २ डॉलरपायी गेले. हे चारचौघांत सांगायची लाज वाटते. पण यंदाही पर्थमधली दोन मराठी कुटुंबं उत्तरेकडे जायला गाडी शोधताहेत असं कानावर आलं आणि गप्प बसवेना.

मी नर्स आहे, नवरा हिशेबाच्या कामात. दोघांची लाँग सर्व्हिस लीव्ह एकदम घ्यायची आणि पर्थहून किनाऱ्याकिनाऱ्याने ब्रूमपर्यंत जायचं, मग डर्बीवरून गिब रिव्हर रोडला लागायचं, असा बेत होता. गिबचे ६६० किलोमीटर, बराचसा कच्चा रस्ता, मधल्या बऱ्याच नद्यांवर पूल नाहीत. मुलं मोठी होऊन घराबाहेर पडायची वाट बघत हा बेत आम्ही वर्षानुवर्षं मनात ठेवला होता.

भाड्याने का नाही घेतली, असं आता प्रत्येक जण विचारतो. आत झोपायची सोय असलेल्या फोर-व्हील कॅम्परचं भाडं दिवसाला २८० डॉलर सांगत होते. वर गिबला न्यायची तर वेगळी परवानगी, वेगळा विमा. त्यापेक्षा ट्रूपी, म्हणजे टोयोटाची लँडक्रूझर ७८, विकत घ्यायची, फिरून यायचं आणि परत विकायची, हा हिशेब इथे कितीतरी लोक करतात. तो चुकीचा नाही. लँडक्रूझर ७८ ची किंमत सहसा पडत नाही. आम्ही हावरटपणा केला, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा हिशेब स्वतः मांडून बघावा.

गाडी २०१२ ची, व्ही-८ डिझेल, २,६१,००० किलोमीटर चाललेली. वर उघडणारं छप्पर, दोन बॅटऱ्या, फ्रीज, आत लाकडी पलंग. मागणी ४९,५०० ची होती, सौदा ४६,००० ला ठरला. विकणारा तिशीतला, फायफोवाला, म्हणजे खाणीवर विमानाने ये-जा करून काम करणारा. खाणीतलं कंत्राट संपलं, आता क्वीन्सलंडला परत जातोय, म्हणाला. पर्थमध्ये असे हजारो आहेत, त्यात संशय घेण्यासारखं काय होतं? आम्ही ३८० डॉलर देऊन मेकॅनिककडून तपासणी करून घेतली. विकणाऱ्याच्या लायसन्सचा फोटो काढला. रजिस्ट्रेशनच्या कागदावर त्याचंच नाव, पैसे पाठवायच्या पेआयडीवर त्याचंच नाव. सगळं जुळत होतं, कारण गाडी खरोखरच त्याची होती. फक्त ती तारण ठेवून त्याने कर्ज काढलं होतं. हे नीट लक्षात घ्या. चोरीची गाडी विकणारा कुठेतरी अडखळतो. कर्जाची गाडी विकणाऱ्याला नाव लपवावंच लागत नाही.

पीपीएसआरचा कागद मीच मागितला होता. लोक म्हणतात, ‘तुम्हाला माहीत नव्हतं का?’ माहीत होतं, म्हणूनच मागितला. दहा मिनिटांत त्याने पीडीएफ पाठवली. आम्ही त्याच्या दारात उभं राहून तपासलं. नवरा बॉनेट उघडून व्हीआयएनचं एकेक अक्षर वाचत होता, मी फोनवर ताडून बघत होते. सतरापैकी सतरा जुळली. कर्ज नाही, चोरीची नोंद नाही, राइट-ऑफ (अपघातात निकामी ठरल्याची नोंद) नाही. आणि खाली गाडीच्या वर्णनात रंग लिहिला होता, पांढरा.

गाडी वाळूच्या रंगाची होती.

मी विचारलं. हो, विचारलं होतं. तो जराही न गडबडता म्हणाला, ‘कन्व्हर्जन करताना रंग बदलला, खात्याला कळवायचं राहून गेलं.’ बोलणं पटण्यासारखं होतं. छप्पर कापून नवं बसवतात तेव्हा पुष्कळ लोक गाडी रंगवून घेतात. पण मी त्याच वेळी मागचं दार उघडून उभी होते. दाराच्या आतली कड, बिजागरीच्या मागचा पत्रा, गालिच्याखालची पट्टी, सगळं त्याच वाळूच्या रंगाचं, कारखान्यातून आलेलं. गाडी पुन्हा रंगवणारा कुठलाही रंगारी तिथपर्यंत पोचत नाही. माझा हात त्या कडेवर होता! दुसऱ्याच कुठल्या तरी पांढऱ्या गाडीचा स्वच्छ कागद घेऊन त्याने त्यात आपला व्हीआयएन आणि नंबर टाकले होते आणि रंगाची ओळ बदलायची विसरला होता. एवढा एक धागा त्याच्या हातून सुटला, तो माझ्या हातात आला आणि मी तो सोडून दिला, कारण समोरचा माणूस नीट उत्तर देत होता. रात्री झोप लागत नाही ती या जागी.

कागदावरची तारीखही काही आठवड्यांपूर्वीची होती. शोध घेतलेल्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी गाडी घेतली तरच त्या प्रमाणपत्राचं कायद्याने संरक्षण मिळतं. जुना कागद खरा असला तरी उपयोगाचा नाही. हे मला नंतर कळलं.

मग गाडी नावावर झाली. लायसन्स ड्यूटीचे २,७१४ डॉलर आमच्याकडून घेतले गेले. आपल्याकडे आरसी बुकावर बँकेचं नाव असतं. बँकेची एनओसी आल्याशिवाय आरटीओ ते काढत नाही, गाडी नावावर करत नाही. आमच्या डोक्यात तेच होतं. सरकारने शुल्क घेतलं, नाव बदललं, म्हणजे गाडी आपली. इथे तसं नाही. इथलं परवाना खातं म्हणतं, ‘रजिस्ट्रेशन म्हणजे मालकी नव्हे.’ हे वाक्य तिथल्या बाईंनी मला काउंटरवर ऐकवलं, ड्यूटी भरून कितीतरी दिवस उलटल्यावर. मग ड्यूटी कशावर घेतलीत? व्हीआयएन तुमच्या पडद्यावर, पीपीएसआरची नोंदही सरकारचीच, केंद्राची. २०१२ पासून देशभर एकच नोंदवही आहे. एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत बघायला कुणी अडवलंय? हस्तांतराच्या वेळी पडद्यावर एक ओळ लाल झाली असती तर एक कुटुंब वाचलं असतं. कॅमेऱ्याने पकडलेला दंड बरोबर घरच्या पत्त्यावर येतो, तिथे सगळ्या नोंदी जुळतात.

प्रवासाचं फार लिहीत नाही, आठवलं की त्रास होतो. मे महिन्यात निघालो. कालबारी, शार्क बे, फ्रान्स्वा पेरॉनच्या लाल वाळूत टायरची हवा २० पीएसआयवर आणून गाडी घालणं, निंगालूला व्हेल शार्क, करिजिनीच्या दऱ्या. गाडीने कुठेही त्रास दिला नाही. पोर्ट हेडलंडला दोन नवे टायर घातले, ७३० डॉलर. तेही गाडीबरोबर गेले. जाताजाता सांगते, प्रवासात गाडीवर जो खर्च कराल त्याच्या पावत्या गाडीत ठेवू नका.

एटी माइल बीचवर फोनला रेंज नव्हती. ब्रूमला पोचल्यावर मेसेज धडाधड आले. घराकडे लक्ष ठेवणाऱ्या मैत्रिणीने पत्राचा फोटो पाठवला होता. एका फायनान्स कंपनीचं पत्र, आमच्या नावाने, कारण आता रजिस्ट्रेशन आमचं. गाडीवर ४३,९६० डॉलर बाकी आहेत, पूर्ण रक्कम भरा किंवा गाडी हवाली करा. मी फोन लावला. त्याने हप्ते कधीपासून थकवले, विचारलं. तर ‘प्रायव्हसीमुळे सांगता येणार नाही.’ त्याची प्रायव्हसी! त्याचा पत्ता, त्याचा फोन, काही सांगणार नाहीत. आमचा पत्ता मात्र त्यांना लगेच मिळाला.

पैसे नव्हते. कुणाकडे असतात एवढे? कॅराव्हॅन पार्कमध्ये टो ट्रक आला. आजूबाजूचे लोक खुर्च्या टाकून बसले होते, त्यांच्यासमोर आम्ही कुकर, शेगडी, गाद्या, चटया काढून गवतावर ठेवल्या. विमानाची दोन तिकिटं ८३६ डॉलर, सामान पर्थला पाठवायचे ५४० डॉलर. गिब रिव्हर रोडचं तोंडही पाहिलं नाही. लिलावात गाडीचे ३८,५०० आल्याचं नंतर कळवलं. म्हणजे त्यांचीच बाकी फिटली नाही, आम्हाला एक सेंटही नाही.

आता ज्यांच्याकडे गेलो त्यांची गोष्ट. पोलीस ठाण्यात पहिल्या माणसाने ‘सिव्हिल मॅटर’ म्हणून पाच मिनिटांत वाटेला लावलं. सरकारी प्रमाणपत्रात खाडाखोड करून ४६,००० डॉलर उकळणं सिव्हिल मॅटर कसं? मी खोटा कागद आणि नवीन काढलेला खरा कागद शेजारीशेजारी ठेवले, तेव्हा कुठे तक्रारीचा नंबर मिळाला. मग आरोपी दुसऱ्या राज्यात, त्यामुळे फाइल तिकडे पाठवू. तिकडे फोन केला तर फाइल आलेलीच नाही. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या ऑफिसने सांगितलं की खासगी व्यवहार आमच्या कक्षेत येत नाही, आम्ही डीलर बघतो. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवले, बदल्यात गाडी मिळाली, त्यामुळे हा स्कॅम नाही. ट्रान्स्फरची मर्यादा वाढवायला मी फोन केला होता तेव्हा याच बँकेने ‘गाडी प्रत्यक्ष पाहिलीत का?’ एवढंच विचारलं होतं. ‘कर्ज आहे का ते बघितलंत का?’ असा एक प्रश्न विचारायला काय जात होतं? प्रत्येक जण सौजन्याने बोलला, प्रत्येकाने दुसऱ्या खिडकीचा नंबर दिला. संध्याकाळी कामावरून यायचं आणि एकच हकीगत नव्या माणसाला पहिल्यापासून सांगायची, असे कित्येक आठवडे गेले.

फुकट सल्ला देणाऱ्या कम्युनिटी लीगल सेंटरमधल्या वकीलबाई तेवढ्या उपयोगी पडल्या. ग्राहक कायद्यात मालकी हक्काची आणि न सांगितलेल्या कर्जाची हमी खासगी विक्रेत्यालाही लागू होते, हे त्यांनी सांगितलं. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या त्या ऑफिसने हे सांगायची तसदीही घेतली नव्हती. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात ७५,००० डॉलरपर्यंतचा दावा लावता येतो. पण नोटीस बजावायला पत्ता लागतो आणि त्याच्या लायसन्सवरचा पत्ता भाड्याच्या घराचा निघाला, त्याने कधीच सोडलेला.

म्हणून सांगते. विकणारा म्हणाला की कर्ज आहे, तर घाबरू नका, तो प्रामाणिक आहे. कंपनीकडून फेडीच्या रकमेचं पत्र मागवा, तेवढी रक्कम थेट कंपनीला भरा आणि उरलेली त्याला. परवाना असलेल्या डीलरकडून घेतलीत तर दोनतीन हजार जास्त जातील, जाऊ द्या, मालकी स्वच्छ देण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. व्हीआयएन जाहिरातीतून उतरवून घेऊ नका, चासीवरचा वाचा. शोधाच्या कागदावरचा रंग, इंजिन नंबर, नंबरप्लेट, राज्य, सगळं गाडीशी लावून बघा आणि एक जरी गोष्ट जुळली नाही तर स्पष्टीकरण ऐकू नका, निघून या. आणि मेकॅनिकने ‘एक नंबर गाडी आहे’ म्हटलं म्हणून हुरळून जाऊ नका, तो इंजिन बघतो.

मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘शिकलेली माणसं अशी कशी फसतात?’ त्यांनी आमचा खोटा कागद माझ्याकडून मागून घ्यावा आणि त्यात काय चुकलंय ते दाखवावं. मी तो कुणालाही पाठवायला तयार आहे, नाव-पत्ता झाकून. याच पद्धतीने आणखी कुणी फसलं असेल तर तक्रारीचा नंबर घेऊन माझ्याशी बोला. दोनतीन तक्रारी एकत्र आल्या तर फाइल हलेल, असं वकीलबाईंचं म्हणणं आहे. क्वीन्सलंडच्या पोलिसांना मी पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन करणार आहे.