बाथरूममधली आधाराची दांडी: सक्शनची नको, भिंतीत बसवलेलीच घ्या

ऑनलाइन ‘ग्रॅब बार’ शोधला की सगळ्यात वर दिसते ती सक्शनची पांढरी दांडी. भोक पाडायला नको, प्लंबर नको, दोन खटके दाबले की चिकटली. भिंतीला ड्रिल लावायचं म्हटलं की मुंबईत आधी खालच्या मजल्यावरची गळती आठवते, त्यामुळे ती का खपते हे कळतं. पण वयस्कर माणसाच्या आधारासाठी ती घेऊ नका.

सक्शनचा कप हवेच्या दाबावर धरतो. कप टाइलच्या सांध्यावर आला, टाइल मॅट असली किंवा तिच्यावर साबणाचा थर बसला असला की हवा हळूहळू आत शिरते. रात्री घट्ट असलेली दांडी सकाळी हात टाकताच निघून येऊ शकते. काहींवर पकड सुटल्याची लाल खूण दिसते, पण मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना चष्म्याशिवाय ती दिसणार कशी? तोल जरा सावरायला बोटं टेकवण्यापुरती ती ठीक, तेही रोज ओढून पाहून. उठताना अंगाचा भार टाकायला मुळीच नाही. टॉवेलच्या रॉडचंही तेच. तो टॉवेल धरण्यापुरताच केलेला असतो.

स्क्रूने बसणारी स्टीलची दांडी घ्या. 32 ते 38 मिमी जाडी, भिंतीपासून साधारण 40 मिमी अंतर. एवढ्या जागेत बोटं नीट वळतात. अंतर जास्त असेल तर हात घसरून कोपर मागे अडकतं. गुळगुळीत चकचकीत पॉलिश टाळा, साबणाच्या हाताला खरखरीत पृष्ठभाग हवा. स्टील 304 ग्रेडचं. समुद्राजवळ राहत असाल आणि परवडत असेल तर 316. स्वस्त दांड्या बऱ्याचदा 202 च्या असतात आणि आपल्या खाऱ्या दमट हवेत त्यांच्यावर लवकर गंज धरतो. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवेल, पण त्याने 202 आणि 304 मधला फरक कळत नाही. ग्रेड बिलावर लिहून घ्या.

खरी गडबड बसवताना होते. दांडीबरोबर बहुतेक वेळा दीड इंची, म्हणजे 38 मिमीचे स्क्रू येतात. टाइल 8 मिमी, तिच्यामागचा सिमेंटचा माल 15 ते 20 मिमी. विटेत जेमतेम 10-15 मिमी शिरतं. दांडी दोन महिने छान वाटते, मग हलायला लागते. म्हणून अडीच-तीन इंची स्टेनलेस स्क्रू आणि त्याला साजेसे लांब नायलॉन प्लग वेगळे आणा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात मिळतात, नाक्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडेही मिळतील. आधी टाइल ठोकून बघा, पोकळ वाजली तर जागा बदला. नळाच्या थेट वर-खाली भोक नको, आत पाइप असतो. टाइलवर चिकटपट्टी लावा आणि टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. प्लग टाइलच्या मागे, विटेत ढकला. टाइलमध्येच फुगला तर तीच तडकते. भोकात सिलिकॉन भरून मग स्क्रू घाला, गळतीची चिंता बरीचशी तिथेच मिटते.

नव्या इमारतीत सिपोरेक्ससारख्या हलक्या ब्लॉकची भिंत असेल तर साधा प्लग धरणार नाही. त्या ब्लॉकसाठीचे खास प्लग किंवा केमिकल अँकर (भोकात रासायनिक गोंद भरून त्यात पक्का बसवलेला बोल्ट) लागतात. ड्रिलमधून लाल भुकटी आली तर वीट, पांढरी-करडी मऊ भुकटी आली तर ब्लॉक.

जागा ठरवताना प्लंबरच्या सवयीवर सोडू नका. ज्यांच्यासाठी दांडी आहे त्यांना कमोडवर बसवा, उठायला सांगा आणि हात आपोआप कुठे जातो तिथे पेन्सिलने खूण करा. साधारणपणे सीटच्या वर 9-10 इंचांवर आडवी दांडी दाबून उठायला, आणि सीटच्या पुढच्या कडेच्या थोडी पुढे उभी दांडी ओढून उठायला. पक्षाघात झाला असेल तर चांगल्या हाताच्या बाजूला. एक उभी दांडी बाथरूमच्या दारापाशी हवीच, कारण आपल्याकडे तिथे कडप्प्याचा उंबरा असतो आणि ओल्या पायाने तो ओलांडताना माणूस एका पायावर असतो. पांढऱ्या टाइलवर पांढरी दांडी दिसत नाही. निळी किंवा गडद घ्या.

भीतीचं काय? एकदा तोल गेला की आजी आंघोळ टाळतात, पाणी कमी पितात, घरातही बसून राहतात. बसून पायांची ताकद जाते आणि पडण्याचा धोका उलट वाढतो. दांडी बसवली म्हणून ही भीती लगेच जात नाही. आधी घरातल्या धडधाकट माणसाने सगळं वजन टाकून लटकून दाखवावं. मग आजींनी कपडे घालून, कोरड्या लादीवर, कोणीतरी शेजारी उभं असताना रोज पाच वेळा उठ-बस करावी: पाय गुडघ्यांच्या थोडे मागे, पुढे वाकून, हात दांडीवर. आठवडाभराने ओल्या लादीवर, रबरी मॅट घालून. मधेच दांडी एकदा जरी हलली तर त्यांचा विश्वास जाईल आणि तो परत मिळवणं स्क्रू घट्ट करण्याइतकं सोपं नाही. म्हणून दर महिन्याला दांडी दोन्ही हातांनी हलवून बघा.

भाड्याच्या घरात भोकं चालणार नसतील तर कमोडभोवती उभी राहणारी चार पायांची फ्रेम घ्या. तिच्या पायांचे रबरी बूट झिजून गुळगुळीत झाले की लगेच बदला.