सूज दाखवून ‘फरक’ विकला

मुरुमं थांबत आली होती, पण गालांवरचे खड्डे राहिले. ते घालवायला मी एका स्किन क्लिनिकमध्ये गेले आणि तिथे माझी फसवणूक झाली. त्यांची युक्ती ओळखता येण्यासारखी आहे, म्हणून लिहितेय.

पहिल्या भेटीत समोर डॉक्टर नव्हतेच, ‘कन्सल्टंट’ बाई होत्या. नवे फोड येताहेत का, हेही न विचारता त्यांनी मायक्रोनीडलिंगचं, म्हणजे बारीक सुयांनी त्वचा टोचण्याचं, पॅकेज सांगितलं आणि सगळे पैसे आगाऊ भरून घेतले. ‘त्वचा अगदी सपाट होईल’ हे फक्त तोंडी.

खरी लबाडी फोटोंमध्ये होती. सेशन झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोटोला बोलवायचे, आणि खड्डे खरोखर उथळ दिसायचे! सुया टोचल्यावर चेहरा सुजतो, सुजेमुळे खड्ड्याचा तळ वर उचलला जातो, सूज उतरली की खड्डा होता तसा. त्यात आधीचा फोटो बाजूच्या उजेडात काढलेला, नंतरचा समोरून फ्लॅश मारून. नवं कोलॅजन, म्हणजे त्वचेला भरीव ठेवणारं प्रथिन, तयार व्हायला महिने लागतात, खरा फरक ३ ते ६ महिन्यांनी कळतो. पण तेवढे दिवस थांबू देतील तर पुढचं पॅकेज कसं विकणार? ते फोटो दाखवूनच त्यांनी मला लेसरचे पैसे भरायला लावले.

लेसरनंतर गालांवर काळे डाग उठले. सावळ्या त्वचेवर हा धोका जास्त असतो, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. वर मलाच ऐकवलं, ‘तुम्ही उन्हात गेला असाल.’

नंतर एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी बाजूने उजेड पाडून, त्वचा ताणून एकेक खड्डा तपासला. अरुंद आणि खोल ‘आइसपिक’ खड्ड्यांवर मायक्रोनीडलिंगचा फारसा उपयोग होत नाही. तिथे खड्ड्याच्या आत तीव्र टीसीए ॲसिड लावतात. लाटांसारख्या पसरट खड्ड्यांखालचे, त्वचेला आत ओढणारे धागे सुईने तोडावे लागतात, त्याला सबसिजन म्हणतात. माझे बहुतेक खड्डे आइसपिक. म्हणजे पहिलं पॅकेजच चुकीचं होतं. आणि खड्डे कमी होतात, पूर्ण जात नाहीत, हे त्यांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं.

सुयांचं कार्ट्रिज तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून काढलं पाहिजे. माझ्या वेळी मशीन आधीच तयार असायचं, त्यामुळे मला रक्ताच्या तपासण्या कराव्या लागल्या. ही भीती उगाच नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधला एक स्पा २०१८ मध्ये बंद झाला. तिथे स्वतःच्याच रक्तातून वेगळा केलेला प्लेटलेटयुक्त द्रव (पीआरपी) वापरून मायक्रोनीडलिंग करून घेतलेल्या ग्राहकांना एचआयव्हीची लागण झाली होती.

क्लिनिककडे माझी फाइल मागितली, ती त्यांनी शेवटपर्यंत दिली नाही. कुठलं लेसर, किती ऊर्जा, काहीच कळायला मार्ग नसल्याने नवे डॉक्टर डाग फिके होईपर्यंत खड्ड्यांना हात लावणार नाहीत. तुम्ही उपकरण, सुयांची खोली, लेसरची ऊर्जा आणि करणाऱ्याचं नाव प्रत्येक सेशनच्या दिवशीच लिहून घ्या.