तळघर राहतं करायचं की गच्चीवर खोली चढवायची?

मुलाचं लग्न ठरलं, किंवा पुण्याची नोकरी लॅपटॉपवर घेऊन मुलगी घरी परतली, की बेळगावातल्या घरात एक खोली कमी पडते. मग नजर दोन ठिकाणी जाते. खाली तळघरात, जिथे गणपतीचं मखर आणि बंद पडलेला कूलर ठेवलाय. आणि वर गच्चीत, जिथे पापड वाळतात. खालचं काम स्वस्त वाटतं, कारण भिंती आणि छत आयतं आहे. पण आपल्याकडे हा हिशेब पावसाळा बदलून टाकतो.

एप्रिलात कुठलंही तळघर छान दिसतं. त्यामुळे निर्णय घ्यायचा तर आषाढात खाली उतरा. भिंतीला जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत लोणा आहे का बघा. नखाने खरवडल्यावर पांढरं पीठ पडलं, तर भिंतीतून पाणी फिरतंय. मग जमिनीवर दोन फुटांचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी उचला. खालच्या बाजूला थेंब असतील तर ओल जमिनीतून वर येतेय. वरच्या बाजूला असतील तर ती हवेतली वाफ आहे, थंड फरशीवर बसलेली. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. वाफ असेल तर वॉटरप्रूफिंगवर पैसे घालवून उपयोग नाही. बाहेर धो धो पाऊस असताना तळघराच्या खिडक्या उघड्या ठेवल्या, तर दमट हवा आत येऊन ओल उलट वाढते. तिथे पंखा आणि हवेतली ओल खेचणारं यंत्रच लागतं.

भिंतीतून पाणी येत असेल, तर गवंडी बहुतेक वेळा आतून केमिकल लावून द्यायला तयार होतो. मला हे पटत नाही. बाहेर मातीत एक मीटर उंच पाणी साठलं, तर भिंतीच्या तळाशी दर चौरस मीटरला सुमारे एक टन दाब येतो, आणि तो आतल्या थराला भिंतीपासून ढकलत असतो. खरा उपाय बाहेरून: भिंतीलगत चर खणायचा, बाहेरच्या अंगाला थर द्यायचा, तळाशी खडी आणि भोकांचा पाइप टाकून पाणी उताराकडे काढायचं. शेजाऱ्याची भिंत अंगाला लागून असेल तर हे जमतच नाही. मग तळघर कोठी म्हणूनच ठेवावं.

माती कोणती, यावरही बरंच ठरतं. जांभ्याच्या चढावर घर असेल, पुढून रस्त्याच्या पातळीला आणि मागून तळघराचं दार थेट परसात उघडत असेल, तर ती निम्मी जमिनीतली खोली सोनं आहे. पाण्याला वाट असते, एका बाजूने उजेड येतो आणि मे महिन्यात गच्चीखालची खोली तापलेली असताना इथे दुपारी पांघरूण घ्यावंसं वाटतं. पण शहापूर, वडगाव, येळ्ळूरकडची काळी माती पाणी धरते, फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. बळ्ळारी नाल्याच्या बाजूच्या सखल भागात तर मी वरच जाईन, विचारसुद्धा करणार नाही. खानापूर-जांबोटीकडे पाऊस आणखी जास्त, तिथेही तेच. अथणीकडच्या कोरड्या भागात मात्र तळघराला संधी द्यायला हरकत नाही.

वर जाणंही फुकट नाही. दहा बाय बाराच्या खोलीवर पाच इंची स्लॅब म्हणजे नुसतं छतच साडेतीन टन, भिंती वेगळ्या. मातीच्या गाऱ्यात बांधलेलं जुनं जांभ्याचं घर असेल तर इंजिनिअरने पाया आणि भिंती बघितल्याशिवाय एक वीटही चढवू नका. पत्र्याची खोली हलकी पडते, पण जुलैत पत्र्यावरच्या आवाजात फोनवर बोलता येत नाही आणि मेमध्ये आत बसवत नाही. स्लॅब परवडत नसेल तर पत्र्याखाली फॉल्स सीलिंग आणि मध्ये तापरोधक थर हवाच. गुडघे दुखणाऱ्यांना वर काय आणि खाली काय, जिना सारखाच.

उंचीही मोजून घ्या. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीला किमान २.७५ मीटर उंची लागते, तळघराला २.४ पुरते. फरशी, ओलरोधक थर आणि सीलिंग यांत त्यातलेही काही इंच जातात. मंजूर नकाशात तळघर पार्किंग किंवा साठवणीसाठी दाखवलं असेल, तर तिथे झोपायची खोली करण्याआधी महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विचारा. गच्चीवरच्या बांधकामालाही परवानगी लागतेच.

संडास-बाथरूम खाली काढायचं असेल तर गटाराची पातळी बघा. तळघर त्याखाली असेल तर मैलापाणी पंपाने वर चढवावं लागतं, आणि मुसळधार पावसात लाइट जाते त्याच वेळी पंप बंद पडतो. उलटं पाणी आत येऊ नये म्हणून एकतर्फी व्हॉल्व्ह लागतो तो वेगळाच. माझ्या मते खाली अभ्यासाची किंवा पाहुण्यांची खोली ठीक, बाथरूम वरचंच वापरावं. चहापुरतीही शेगडी खाली नको: सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर तळघरातच साठून राहतो.

वर जायचं ठरलं तर दिवाळीनंतर काम काढा, म्हणजे स्लॅबला पाणी मारायला वेळ मिळतो आणि वळवाच्या आधी प्लास्टर उरकतं. खाली जायचं असेल तर बाहेरचा चर आणि निचरा उन्हाळ्यात करून घ्या, एक अख्खा पावसाळा जाऊ द्या, आणि रंग, लाकूडकाम, पलंग त्यानंतरच.