एसीच्या जाळीवर चिकटवायची फिल्टर शीट: धूळ अडली, हवा पण अडली

स्प्लिट एसीच्या जाळीवर वरून लावायची ती पांढरी शीट मिळते ना, ती घेतली होती. घरात धुळीची अ‍ॅलर्जी आहे, म्हटलं बघूया. २ स्टार देतेय, ते पण धूळ खरंच अडवते म्हणून.

पहिले आठ दिवस मी जाम खूश. तिसऱ्या आठवड्यात मात्र एसी २४ वर लावून तासभर झाला तरी खोली काही गार होईना, आणि गंमत म्हणजे एसीच्या तोंडाशी हात धरला तर हवा आधीपेक्षा गार, फक्त इतकी मरतुकडी की पलंगापर्यंत पोचतच नव्हती. मग एका रात्री इनडोअरमधून टपटप पाणी. मेकॅनिकने काही न उघडताच सांगितलं, गॅस कमी झालाय, भरावा लागेल. मीच पॅनल उचलून जाळी काढली तर मागे कॉइलवर (हवा गार करणाऱ्या नळ्यांची जाळी) फ्रीजरसारखा पांढरा बर्फ, आणि शीट लाइटसमोर धरली तर पलीकडचं काही दिसेना, नुसती करड्या रंगाची गोधडी.

आता यात होतं काय, खोलीतली गरम हवा कॉइलवरून सतत फिरायला लागते, ती कमी पडली की कॉइल शून्याच्या खाली जाते, हवेतलं बाष्प तिथेच गोठतं, त्या बर्फाने उरलीसुरली वाट पण बंद होते आणि मग ते वाढतच जातं. गार हवा येते पण चिमूटभर, खोलीतली उष्णता ओढणार कोण? गॅस कमी असला तरी असाच बर्फ धरतो, त्यामुळे मेकॅनिकला अगदीच खोटं पाडत नाही, पण आधी जाळी तरी बघ ना बाबा! शिवाय असंच चालू ठेवलं तर कॉइलमध्ये लिक्विड होऊन आलेल्या गॅसची वाफ न होता लिक्विडच कॉम्प्रेसरकडे परत जाऊन त्याला बिघडवू शकतं, आणि कॉम्प्रेसर गेला म्हणजे खर्च कुठल्या कुठे.

शीट काढून फेकली, एसी २ तास नुसत्या फॅन मोडवर ठेवला, खाली बादली, बर्फ वितळला. मूळ जाळी नळाखाली धुऊन सावलीत वाळवून परत लावली. गॅसचा एक थेंब न भरता पडदे परत हलायला लागले.

पाकिटावर '३ महिने टिकते' लिहिलंय. टिकते म्हणजे चिकटून राहते असं म्हणायचं असावं.