घोट्याचा आकडा आणि अंगठ्याचा आकडा: एका पाय-तपासणी केंद्राचे परीक्षण

मधुमेहाचे निदान होऊन मला १८ वर्षे झाली. गेल्या काही महिन्यांपासून डावे पाऊल उजव्यापेक्षा गार लागत होते आणि नडगीवरचे केस विरळ होऊन कातडी चकचकीत दिसू लागली होती. पायाला रक्त कमी पोहोचत असेल तर चालताना पोटरी दुखते, असे ऐकून होतो. तसे काहीच होत नसल्याने मी निर्धास्त होतो. माझ्या डॉक्टरांना मात्र तो निर्धास्तपणा मान्य नव्हता, आणि त्यांनी मला मधुमेहींच्या पायांची तपासणी करणाऱ्या एका केंद्रात पाठवले. पुढे काही तक्रारीही मांडायच्या असल्यामुळे केंद्राचे नाव देत नाही.

आरंभ साधाच होता. बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, टाचेच्या भेगा हे सारे नीट पाहून झाल्यावर मला डोळे मिटायला सांगून तंत्रज्ञ बाईंनी १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू तळव्यावर ठिकठिकाणी टेकवला. मी मोजक्याच वेळा ‘लागले’ म्हणालो. पुढच्या बोटांपाशी तर तंतू वाकेपर्यंत दाबूनही मला पत्ता नव्हता. पोटरी का दुखत नाही, याचा अर्धा उलगडा तिथेच झाला: दुखणे कळवणारे मज्जातंतूच बधिर झाले असतील, तर रक्ताची टंचाई मुकाट्याने वाढत राहते.

या केंद्राची खरी कसोटी लागली ती त्यानंतरच्या मोजणीत. दहा मिनिटे उताणे झोपवून त्यांनी दोन्ही दंडांचा आणि दोन्ही घोट्यांचा रक्तदाब डॉप्लर यंत्राने मोजला. घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागले की जो निर्देशांक येतो, तो ०.९ किंवा त्याहून कमी असल्यास धमन्या अरुंद झाल्याचे मानतात. माझ्या दंडाचा दाब १४०, उजव्या घोट्याचा १५० आणि डाव्या घोट्याचा तब्बल २०६ आला. म्हणजे ज्या पायाची शंका होती त्याचाच निर्देशांक १.४७! मला आनंद झाला, आणि तो मी लपवलाही नाही.

बाईंनी तो शांतपणे मोडीत काढला. बरीच वर्षे मधुमेह असलेल्यांच्या धमनीच्या भिंतीत, तिच्या मधल्या थरात, कॅल्शियम साचून ती नळीसारखी ताठ होते. अशी धमनी पट्ट्याने दाबली तरी सहज मिटत नाही, म्हणून आतला प्रवाह तुटपुंजा असला तरी यंत्रावर आकडा फुगलेला दिसतो. १.४ च्या वरचा आकडा दिलासा देणारा नसून मोजणी भरवशाची नसल्याचे सांगणारा असतो, हे इतक्या सोप्या शब्दांत मला आजवर कोणीच सांगितले नव्हते. अंगठ्याच्या बारीक धमन्या सहसा अशा ताठ होत नाहीत, म्हणून तिथे छोटा पट्टा बांधून पुन्हा मोजणी झाली. पहिल्यांदा डाव्या अंगठ्याचा दाब ४८ आला, परंतु खोली गार होती आणि गारठ्याने बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात, हे ध्यानात घेऊन त्यांनी पायांवर पांघरूण घालून काही वेळाने पुन्हा मोजला. तेव्हा तो ६२ भरला. उजवीकडे १०४ होता. अंगठ्याचा निर्देशांक ०.७ च्या खाली जाऊ नये, असा संकेत आहे. माझा उजवीकडे ०.७४ आणि डावीकडे ०.४४ निघाला.

त्यानंतरचा डॉक्टरांचा सल्ला थोडक्यात होता आणि पटणाराही: धमन्यांची सोनोग्राफी, कोलेस्टेरॉलच्या औषधाचा आढावा, रोजचे चालणे आणि पायाला बारीकशी जखम झाली तरी वाट न पाहता दाखवायला येणे.

आता उणिवा. तपासणी नेहमी गार पायांवर करायची असल्यासारखी ती खोली का ठेवली आहे, हे कळत नाही. त्याहून गंभीर बाब अहवालाची. छापील नमुन्यात फक्त घोट्याचा निर्देशांक येतो आणि ०.९ च्या वर काहीही असले की शेजारी ‘सामान्य’ असे आपोआप उमटते. अंगठ्याचे आकडे बाईंनी समासात पेनाने लिहून दिले. तो कागद उद्या दुसऱ्या एखाद्या डॉक्टरांनी घाईत पाहिला, तर डावा पाय त्यांना उत्तम वाटेल. बाहेर पडताना खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने ‘रक्ताभिसरण सुधारण्यासाठी’ घट्ट दाबाचे मोजे घेण्याचा आग्रह धरला, तोही अहवाल न पाहता. असे मोजे शिरांच्या सुजेवर उपयोगी असले, तरी ज्या पायाला धमनीतूनच रक्त कमी येते त्याचा रक्तपुरवठा ते आणखी आवळू शकतात. आतल्या खोलीत जे ज्ञान होते त्याचा दारापर्यंतही प्रवास झालेला नव्हता.

तरीही मधुमेह जुना असलेल्यांना मी तिथे जाण्याचे सुचवीन. इतरत्र जाणार असाल, तर अंगठ्याचा दाब मोजतात का, हे वेळ घेतानाच विचारावे. माझी पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे, आणि मोजणी त्याच बाईंनी करावी अशी विनंती मी नोंदवून ठेवली आहे.